पट्ट्याला अंगठा दिसत नव्हता

चांगल्या हळदीत किडकी हळद मी मिसळली, आणि मुद्दाम मिसळली. हे आधीच सांगून टाकते. पुढं सांगता सांगता मी स्वतःला बरी दाखवायला लागले, तर वाचणाऱ्याच्या ध्यानात आलं पाहिजे.

वसमतला मोंढ्याच्या बाजारामागं पत्र्याची एक लांबलचक शेड होती. शिजवून, वाळवून, पॉलिश करून आलेली हळद तिथं निवडली जायची. लांब, बुटकी टेबलं, टेबलांच्या दोन्ही अंगांना खाली बसलेल्या बाया आणि मधे हळदीचा ढीग. गोल गड्डे एकीकडे टाकायचे, लांब हळकुंडं दुसरीकडे, आणि जे किडलेलं, काळं पडलेलं, आतून ओलं राहिलेलं असेल ते पायाशी ठेवलेल्या टोपल्यात. बारावी झाल्यावर माझं एक वर्ष घरातच गेलं. बाहेरून बी.ए.चा फॉर्म भरला होता, पण पुस्तकं उशाशी ठेवून दिवस जात नव्हता. आई म्हणाली, "बसून राहण्यापरीस खालासोबत जात जा." म्हणून मी त्या शेडमधे लागले.

खाला आमच्या गल्लीच्या टोकाला, मशिदीच्या बाजूला राहायची. आमची काही नात्यातली नव्हती. आम्ही बौद्धवाड्यातले, ती मुसलमानांच्या घरातली, पण तिचं आणि माझ्या आईचं लेकरं लहान असल्यापासूनचं येणंजाणं. तिचा नवरा त्याच शेठकडं हमाली करायचा. तो वारला, त्यानंतर ती टेबलावर बसली. मी लागले तेव्हा तिनं साठी ओलांडली होती. अंगानं वाळलेली, मनगटं तर काडीसारखी. सगळी शेड तिला खाला म्हणायची. शेडचे मालक मोठे शेठ तिच्याच वयाचे, तेसुद्धा खालाच म्हणायचे.

पहिले आठ दिवस तिनं मला ढिगाला हात लावू दिला नाही. शेजारी बसवून घेतलं आणि एकेक हळकुंड माझ्या हातात द्यायची. मी बघायची, परत द्यायची. ती विचारायची, "कसं हाय?"

"चांगलं हाय."

मग ती ते मोडायची. पक्कं वाळलेलं हळकुंड टणकन वाजून तुटतं. मी चांगलं म्हणलेलं मुकाट्यानं वाकून तुटायचं, आत गडद, ओलसर. "डोळ्यानं नको बघू," ती म्हणायची. "डोळा फसतो. रंग समदे चांगलेच दिसतेत पॉलिशमुळं. अंगठा फिरव."

किड्याचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं आणि पॉलिशमधे ते बुजून जातं. पण आतून पोखरलेलं हळकुंड हाताला हलकं लागतं आणि अंगठ्याखाली जरासं खरबरीत. हे कळायला मला महिने लागले. खालाचा हात टेबलावरून फारसा उठायचाच नाही. हळकुंड तळहातात यायचं, अंगठा त्याच्यावरून एकदा फिरायचा आणि करंगळीच्या बाजूनं ते पुढं ढकललं जायचं किंवा खाली टोपल्यात पडायचं. दुरून बघणाऱ्याला वाटावं, बाई बसल्या जागी पेंगून राहिली. संध्याकाळी मात्र तिच्या बाजूचं पोतं पुन्हा तपासायची कुणाला गरज वाटायची नाही. मोठे शेठ बाहेरच्या व्यापाऱ्याला नमुना द्यायचा असला की तिच्याच पोत्यातून ओंजळ भरायचे.

मग मोठ्या शेठचा मुलगा पुण्याहून शिकून आला. आम्ही त्याला छोटे शेठ म्हणायचो. वाईट माणूस होता असं म्हणता येणार नाही. कुणाला शिवी दिली नाही, कुणाकडं वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. त्याचा राग आला की मला हे आठवतं, आणि मग जास्तच राग येतो. शिवी देणाऱ्याला उलट शिवी तरी देता येते.

तो आला आणि दोन-तीन महिन्यांत एक खोकं आलं. खोक्यात काळे रबरी पट्टे. बायांना आधी ते घड्याळच वाटलं. एकीनं उलटसुलट करून विचारलं, "काटे कुठंयत ह्याचे?" कंपनीचा एक माणूस शिकवायला आला होता. त्यानं पट्टा स्वतःच्या मनगटावर बांधला, टेबलापाशी उभा राहिला आणि हळकुंड उचलून, हात हवेतून फिरवून, बाजूला टाकून दाखवलं. "असं उचललं की एक. असं टाकलं की ते मोजलं जाणार. आतमधे सेन्सर आहे. हाताची हालचाल त्याला बरोबर कळते." तो उभ्यानं करत होता. आम्ही बसून करायचो. त्याचा हात खांद्यापासून फिरत होता. हे तेव्हा मला दिसलं, पण त्याचा अर्थ कळला नाही.

त्या पट्ट्यानं काय काय तकलीफ दिली ते पुरुषांना सांगून पटत नाही. पहिली गोष्ट बांगड्यांची. बांगडी पट्ट्यावर आपटली की आकडे चुकतात, म्हणून छोटे शेठनी बांगड्या काढायला सांगितल्या. नांदत्या बायकांनी मोकळ्या हातानं दिवसभर बसायचं? निम्म्या जणींनी पट्टा डाव्या हातात बांधला, तिथल्या बांगड्या कोपराकडं सारल्या आणि काम उजव्यानं केलं. साहजिकच पट्ट्याच्या हिशेबी त्या दिवसभर रिकाम्या, म्हणून छोटे शेठ बोलायचे आणि दुसऱ्या दिवशी पट्टा पुन्हा उजव्या हातात जायचा. दुसरी गोष्ट मापाची. पट्टे पुरुषी मनगटाचे. खालानं शेवटच्या भोकात अडकवला तरी तो तिच्या हातात गरगर फिरायचा. तिनं खाली चिंधी गुंडाळली. घामानं आणि हळदीच्या धुळीनं रबराखाली पुरळ उठायचं.

आणि तिसरी गोष्ट गुरगुरण्याची. मनगट जरा वेळ स्थिर राहिलं की पट्टा थरथरायचा. पाणी प्यायला तांब्या तोंडाला लावला की थरथर. कळमनुरीकडची एक बाई अंगावर पिणारं लेकरू घेऊन यायची. दुपारी ती त्याला पाजायला भिंतीकडं तोंड करून बसली की लेकराच्या डोक्याखालच्या हातात तो पट्टा गुरगुरायचा, लेकरू दचकून तोंड काढायचं आणि रडायचं. ती पट्ट्याकडं बघून म्हणायची, "काहून दम देऊन राहिलं रे मला?" बाया हसायच्या. मीही हसायची.

मी हसायची, कारण मला वरचं काम मिळालं होतं. मला इंग्रजी आकडे आणि नावं वाचता येत होती, म्हणून छोटे शेठनी माझ्या हातात टॅब दिला. सकाळी पट्टे वाटायचे, संध्याकाळी गोळा करायचे. त्यांच्या चार्जिंगच्या भोकात हळद जाऊन बसायची, ती सेफ्टी पिन आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढायची आणि मग चार्जिंगला लावायचे. उरलेल्या वेळात टेबलावर निवडायला बसायचंच. दिवस संपायच्या आधी टॅबवर यादी यायची. हिरवी, पिवळी आणि लाल अशी नावं. ती यादी सगळ्यांसमोर उभं राहून वाचायची, असं छोटे शेठनी ठरवलं.

"लाल असेल ते जरा मोठ्यानं वाच," त्यांनी मला सांगितलं. "अपमान म्हणून नाही. माणसाला आपण कुठं आहोत ते कळलं पाहिजे."

मी मोठ्यानं वाचलं. मला आवडलं ते वाचायला, हे लपवत नाही. बाया माझ्या तोंडाकडं बघत उभ्या राहायच्या. शाळेत मी कधी प्रार्थनासुद्धा पुढं उभी राहून म्हणली नव्हती.

खालाचं नाव पहिल्या दिवसापासून लाल यायचं. सुरुवातीला ती हसण्यावारी न्यायची. "आपलं घड्याळ मागं हाय बाई," म्हणायची. मग आठवडे गेले आणि हसणं बंद झालं. एकदा घरी चालता चालता तिनं मला हात दाखवला. "माझा हात धावत न्हाई बेटा. माझा हात बघतो. ते कसं मोजल हे मशीन?"

दुसऱ्या दिवशी मी छोट्या शेठच्या खोलीत गेले.

"छोटे शेठ, खालाचा पट्टा चुकीचं सांगून राहिला. ती मनगट हलवतच न्हाई. अंगठ्यानं निवडती. पट्ट्याला अंगठा दिसत न्हाई."

ते लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाले, "त्याला सगळं दिसतं."

"मग तिची पोती बघा की एकदा. एक किडकं निघत न्हाई."

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. "तुला सेन्सरमधलं काय कळतं? तू टॅब सांभाळ."

मी टॅब सांभाळला. माझी पहिली चूक ती. मी तो टॅब त्यांच्या टेबलावर ठेवून बाहेर यायला पाहिजे होतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी छोटे शेठ स्वतः शेडमधे आले. म्हणाले, "महिनाभर ज्यांचं नाव रोज लाल आहे ती नावं वाच." टॅबवर तीनच नावं होती. पहिल्या दोघी आजारपणातून उठून आलेल्या, त्यांना त्यांनी ताकीद देऊन सोडलं. तिसरं नाव वाचायच्या आधी मी थांबले. "वाच," ते म्हणाले. मी खालाचं पूर्ण नाव वाचलं. नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं. त्या नावानं तिला शेडमधे कुणीच कधी हाक मारलेली नव्हती, म्हणून काही बायांना हे कोण ते लगेच कळलंसुद्धा नाही.

"खाला, तुम्ही आता घरी आराम करा," छोटे शेठ म्हणाले. आवाज अगदी मऊ. "वय झालं. माझा कुणावर राग नाही. पण मशीन खोटं बोलत नाही."

खाला पट्टा काढायला लागली. तिला ती कडी उघडता येईना. बाया बघत होत्या. छोटे शेठ घड्याळ बघत होते. शेवटी मीच पुढं होऊन ती कडी उघडली. तिनं चिंधी सोडवली, पट्टा पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला. मोठे शेठ त्या दिवसांत डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नांदेडला होते.

दोन दिवस मला तिच्या दारात जायचं धाडस झालं नाही. तिसऱ्या दिवशी गेले. ती ओट्यावर लसूण सोलत होती. मी म्हणाले, "खाला, मी काय करू? त्यांनी वाचायला लावलं."

"व्हय," ती म्हणाली. "तुझा आवाज चांगला हाय. सगळ्यांना बराबर ऐकू आला."

तिनं टोमणा मारला की खरंच कौतुक केलं, हे मला आजही सांगता येणार नाही. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मी घरी आले, जेवले नाही. आईनं विचारलं, तिलाही काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट पाहिजे होती. ज्या मशीनच्या जोरावर त्यानं तिला उठवलं त्याच मशीननं त्याला सगळ्यांसमोर खाली बसवायचं. मला त्याला समजवायचं नव्हतं, त्यानं माफी मागावी असंही वाटत नव्हतं. त्याचं तोंड पडलेलं मला बघायचं होतं.

पट्टे माझ्याच ताब्यात होते. संध्याकाळी सगळ्या गेल्या की मी एकेक पट्टा बांधून वेगवेगळं करून बघायची आणि टॅबवर आकडा बघायची. हळकुंड हातात न घेता नुसता हात उचलून फिरवला, आकडा वाढला. माशी हाकलली, वाढला. पदर सावरला, वाढला. टाळ्या वाजवल्या तर भराभर वाढला. आणि खालासारखं, मनगट टेबलाला टेकवून, एक ओंजळभर हळकुंडं नीट निवडली, तेव्हा आकडा जागचा हलला नाही, उलट पट्टा गुरगुरला. मी एकटीच त्या शेडमधे उभी राहून हसले. मग रडले. मग पट्टे चार्जिंगला लावले.

बायांना सांगायला आठ दिवस लागले. एकेकीला गाठून सांगितलं. सोपं काम होतं. अंगठा फिरवायचाच नाही. हात खांद्यापासून उचलायचा, मनगटाला झटका द्यायचा आणि हातात येईल ते चांगल्याच्या ढिगात टाकायचं. लेकरूवाली लगेच तयार झाली. बांगड्यांवरून रोज बोलणी खाणाऱ्या तयार झाल्या. एक म्हातारीशी बाई मात्र म्हणाली, "आपल्या हातानं वाईट माल टाकायचा? कुणीतरी खाणार हाय ते."

मी म्हणाले, "मावशी, त्यांना हात हललेला पाहिजे. आपण हलवू. माल त्यांना नको हाय."

"आन् खालाला इचारलं?"

"तिच्यासाठीच हाय हे."

विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती ते मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही.

एका बाहेरच्या राज्यातल्या मसाला कंपनीचा मोठा लॉट तेव्हा निवडायला पडला होता. आम्ही हात हलवले. सगळ्या शेडमधे हात नुसते वर-खाली, वर-खाली. चार दिवसांत यादी अशी हिरवीगार झाली की छोटे शेठनी टॅबचा फोटो काढून कुणाकुणाला पाठवला. एका दुपारी त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. "बघा," ते म्हणाले, "तुमच्यातच होतं हे. फक्त कुणीतरी मोजायला पाहिजे होतं." मी पेढा घेतला आणि खाल्ला. चांगला होता पेढा.

सगळ्यात जास्त मी करत होते. बाकीच्या न बघता टाकायच्या, मी बघून टाकायची. अंगठा मला आता नीट फिरवता येत होता, खालानंच शिकवलेला. किडकं हाताला लागायचं, हलकं, खरबरीत, आणि मी ते ओळखून चांगल्या ढिगात ठेवायची. तेव्हा छाती धडधडायची. भीती नव्हती ती. लहानपणी चिंचेवर दगड मारताना व्हायचं तसं काहीसं होतं.

मसाला कंपनीचा माणूस माल बघायला आला त्या दिवशी मोठे शेठ नांदेडहून परतले होते, डोळ्याला काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते. येणारा माणूस बराच वयस्क होता, धोतर-सदऱ्यातला, मोडकं हिंदी बोलणारा. त्यानं चहा बाजूला ठेवला आणि पोतं उघडायला सांगितलं. कोपरापर्यंत हात आत घातला, तळातून मूठभर हळकुंडं काढली. एक तळहातावर घेतलं, मनगट पोत्याच्या काठाला टेकवलं आणि त्याच्यावरून अंगठा फिरवला. टेबलावरच्या सगळ्या बाया माना खाली घालून काम करत होत्या, आणि सगळ्या त्या अंगठ्याकडं बघत होत्या.

त्यानं ते मोडलं. आवाज झाला नाही. दुसरं मोडलं, आतून पिवळा भुगा सांडला. त्यानं दुसरं पोतं उघडायला लावलं. मग तिसरं. मोडलेली हळकुंडं तो मोठ्या शेठच्या समोर एका ओळीत मांडत होता.

छोटे शेठ पुढं आले. "सर, ये देखिए. हर वर्कर का पूरा डाटा है. सब ग्रीन है." त्यांनी टॅब पुढं केला.

कंपनीच्या म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर सरकवून टॅब नीट पाहिला. खरंच नीट पाहिला, वरून खालपर्यंत. मग विचारलं, "इसमें कीड़ा कहाँ दिखता है?"

छोट्या शेठच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. मी बरोबर समोर उभी होते, पाच पावलांवर, आणि डोळ्यांची पापणी न लववता मी ते सगळं पाहून घेतलं. घाम कुठं फुटला, हात टॅबवरून कसा घसरला, सगळं. अजूनही मन उदास असलं की मी ते आठवते. लोक म्हणतात सूड घेऊन समाधान मिळत नाही. मला मिळालं. भरपूर मिळालं.

माल परत. म्हातारा हात धुऊन निघून गेला. मोठ्या शेठनी ती मोडकी हळकुंडं एकेक करून हातात घेतली. मग म्हणाले, "खाला कुठंय?"

 तिला घरी बसवल्याचं छोटे शेठनी सांगितलं तेव्हा मोठ्या शेठनी काळा चष्मा काढला आणि पोराकडं नुसतं पाहिलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "जा, तिला घेऊन ये. म्हणावं मी बोलावलं."

मी पळत गेले. वाटेत मनात किती काय काय जुळवलं होतं. खाला ऐकेल, माझ्या तोंडावरून हात फिरवेल, कानशिलावर बोटं मोडेल. तिला मी रस्त्यात काहीच सांगितलं नाही, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हणून.

ती आली. पोत्यापाशी बसली, हात घातला, दोन-चार हळकुंडं फिरवली. मग तिनं माझ्याकडं बघितलं. तिला एका क्षणात कळलं. न बघता टाकलेला माल वेगळा लागतो म्हणे आणि निवडून टाकलेला किडा वेगळा. माझ्या बाजूच्या पोत्यात किडा जास्त होता. ती मोठ्या शेठसमोर काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "समदा लॉट पुन्हा निवडावा लागल."

पण पाणी प्यायला उठली तेव्हा माठापाशी मला हळूच म्हणाली, "बदला त्याच्यावर काढायचा होता ना? मग हळदीवर काहून काढला?"

 मला राग आला. तिच्यासाठी केलं आणि वर ही मलाच बोलते. तोंडावर म्हणाले नाही, पण तो राग बरेच दिवस राहिला.

तिची रीत वेगळी होती. ती परत यायला तयार झाली, पण मोठ्या शेठना तिनं एक अट घातली. "तुमच्या पोराला माझ्या शेजारी बसवा. लॉट संपेपर्यंत. पट्टा बांधून." मोठ्या शेठनी होकार दिला.

म्हणून छोटे शेठ टेबलावर बसले. मांडी घालून बसायची सवय नाही, अर्ध्या तासात पाय आखडले. धुळीनं शिंका, नखं पिवळी. खाला त्यांना एकेक हळकुंड द्यायची आणि विचारायची, "कसं हाय?" ते "चांगलं" म्हणायचे आणि ती मोडून दाखवायची. त्यांनी निवडलेली टोपली ती शांतपणे पुन्हा ढिगात पालथी करायची. "पुन्हा." आवाज चढवायची नाही. ते हळकुंडाकडं नीट लक्ष द्यायला लागायचे आणि तेवढ्यात मनगटावर पट्टा गुरगुरायचा. दचकायचे. दुसऱ्या दिवशी चिडून म्हणाले, "हे सारखं का वाजतंय?"

"तुमी काम करून राहिले म्हणून," खाला म्हणाली. बाया पदराआड हसल्या.

त्या संध्याकाळी मला कुणी यादी वाचायला सांगितली नव्हती. मी टॅब घेतला, रोजच्या जागी उभी राहिले आणि वाचली. खालानं पट्टा बांधलाच नव्हता. बाकी सगळी नावं हिरवी-पिवळी. शेवटचं एकच लाल. मी ते जरा मोठ्यानं वाचलं. त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. कुणी हसलं नाही. खाला आपल्या टोपलीकडं बघत होती, पण तिचा हात थांबला होता.

लॉट निवडून झाला आणि दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडं गेला. पट्टे एका पोत्यात भरून माळ्यावर टाकले, बांगड्या परत मनगटावर आल्या. मोठ्या शेठनी खालाला मुकादम केलं. ती वर्षभर राहिली आणि मग डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हा स्वतःहून थांबली. खरं तर डोळ्यांची तिला गरज नव्हती, पण घरून शेडपर्यंत चालत येणं जमेना. मी त्याच्या आधीच सोडलं होतं. बी.ए. झालं, मग हिंगोलीला एका दवाखान्यात कागदपत्रांचं काम मिळालं. गावी गेले की तिच्या ओट्यावर बसते. आम्ही दोघी त्या लॉटबद्दल कधी बोललो नाही. ती अजून माझ्या हातात हात घेते, पण पूर्वीसारखं "बेटा" म्हणत नाही, नावानं बोलावते. ह्याची मला खंत आहे. बाकी कशाची नाही.

मागच्या उन्हाळ्यात वसमतच्या स्टँडवर छोटे शेठ भेटले. आता तेच शेठ आहेत, वडील गेले. पोट सुटलंय, केस विरळ झालेत. त्यांनीच मला ओळखलं, रसवंतीवर उसाचा रस पाजला. शेडमधे आता रंग बघून निवडणारं कॅमेऱ्याचं मशीन बसवलंय म्हणाले, पण शेवटचा हात बायांचाच ठेवलाय. मग ग्लास खाली ठेवून, माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "एक विचारू? त्या वेळी तो माल... तुम्ही मुद्दाम केलं होतं ना?"

इतकी वर्षं ते हे मनात घेऊन फिरत होते तर. पट्ट्याची चूक, की बायांची, की आपली, हे त्यांना ठरवता आलं नव्हतं. मी नाही म्हणाले असते तर ते सुटले असते. मशीनवर टाकून मोकळे झाले असते.

"व्हय," मी म्हणाले. "मी शिकवलं सगळ्यांना. आन् सगळ्यात जास्त मीच टाकलं."

त्यांनी रसवाल्याला पैसे दिले. मग विचारलं, "काहून?"

पुण्याला शिकून आलेल्या माणसाच्या तोंडी तो आमचा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मी रस संपवला. माझी हिंगोलीची गाडी लागली होती. त्यांना उत्तर न देता मी गाडीत जाऊन खिडकीपाशी बसले.